युमाच्या वाळवंटात हिंगाची डबी

पिस्कॅटवेहून निघताना

निवृत्त माणसाला घरात कोणी हिंग लावून विचारत नाही, असं म्हणतात. माझं तसं झालं नाही. मला रोज विचारलं जायचं, “अहो, तुम्ही इथे का उभे आहात?”

इथे म्हणजे आमच्या पिस्कॅटवेच्या घरातल्या स्वयंपाकघरात. सगळी नोकरी मी न्यू जर्सीतल्या अत्तरं आणि स्वाद बनवणाऱ्या एका कंपनीत काढली. माझ्याकडे पाइप, पंप आणि व्हॉल्व्ह होते. अत्तराशी माझा संबंध ते पाइपातून जाई तेवढाच. तरी पार्टीत कोणी विचारलं की ‘परफ्यूम इंडस्ट्री’ असं सांगून मी किंचित नाक वर करत असे. आमच्याकडे नाकावर पगार मिळतो, हेही वर सांगत असे. ते खरं होतं, पण वास पारखणाऱ्या त्या नाकवाल्यांच्या यादीत मी नव्हतो.

तर असा मी घरी बसलो आणि डिशवॉशरमध्ये ताटल्या कशा लावाव्यात यावर बायकोला, म्हणजे शैलाला, शास्त्रशुद्ध मार्गदर्शन करू लागलो. आठवडाभर तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “तुम्ही एखादा छंद लावून घ्या. घराबाहेरचा.”

त्याच सुमारास मोघेचा फोन आला. मोघे हा माझा नागपूरचा हॉस्टेलमधला मित्र. तो फ्रीमाँटला राहतो आणि निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात बायको मंगलाला घेऊन, गाडीमागे ट्रेलर जोडून अ‍ॅरिझोनात युमाला जाऊन राहतो. मिनेसोटा, डकोटा, कॅनडा इथले हजारो म्हातारे-म्हाताऱ्या थंडीला कंटाळून तिकडे उतरतात. त्यांना स्नोबर्ड म्हणतात.

“अरे यार परांजप्या, तू तिकडे ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत बस,” मोघे म्हणाला. “मी इथे डिसेंबरात हाफ पँटमध्ये बसून झाडावरची संत्री खातोय.”

नागपूरच्या माणसाला संत्र्याचं आमिष दाखवणं हा शुद्ध कपटीपणा होता. महिन्याभरात मी सेकंडहँड आर.व्ही. घेतली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढून ट्रक आणि मागून वन रूम किचन. त्यात पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम सगळं असतं, फक्त एका वेळी एकाच माणसाने वळायचं असतं. शेगडी प्रोपेन गॅसवर चालते. गॅस गळला तर कळावं म्हणून जमिनीलगत एक अलार्म असतो. या अलार्मला पुढे फार मोठी भूमिका आहे.

शैला दोनदा गाडीभोवती फिरली आणि तिने अट सांगितली. “पुढचा एक हिवाळा येईन. मार्चमध्ये काय ते सांगेन. नाही आवडलं तर ही विकायची आणि अनुजाकडे राहायला जायचं. मग कुरकुर नाही.”

अनुजा ही आमची मुलगी. युमाच्या वाटेवर अल्फारेटाला असते. तिने मोठ्या प्रेमाने घराचं बेसमेंट आमच्यासाठी तयार करायला घेतलं होतं. प्रेमाबद्दल शंकाच नाही, पण त्या बेसमेंटला एकच खिडकी आहे आणि तिच्यातून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं दिसतात. ती चाकं बघत उरलेलं आयुष्य काढायचं, या विचारानेच मला धाप लागायची. त्यामुळे तो हिवाळा माझ्यासाठी सहल नव्हती, परीक्षा होती, आणि पेपर तपासणारी शेजारच्या सीटवर बसलेली होती.

दिवाळीचा फराळ संपवून निघालो. देवांचा प्रश्न शैलाने सोडवला. चालत्या गाडीत सगळ्यात सुरक्षित जागा कुठली, तर मायक्रोवेव्ह. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि पितळी घंटा टॉवेलात गुंडाळून आत बसवली आणि दारावर चिठ्ठी लावली: “देव आत आहेत. बटण दाबू नये.”

टेक्सास, जे संपत नाही

अल्फारेटाला चार दिवस राहिलो. नातवाने गाडी आतून-बाहेरून पाहून “इट्स लाइक अ स्कूल बस, बट सॅडर” असा अभिप्राय दिला. अनुजाने आईला बाजूला घेऊन बेसमेंटसाठी कार्पेटचे नमुने दाखवले. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

टेक्सासबद्दल एकच सांगतो. सकाळी निघालो तेव्हा टेक्सास होतं, जेवलो तेव्हा टेक्सास होतं, झोपलो तेव्हाही टेक्सासच होतं. तिथल्या एका मुक्कामावर गाडी मागे घेताना झाडाची फांदी छतावरच्या ए.सी.ला लागली. मागे घेण्याची आमची पद्धत अशी: शैला मागे उभी राहून हात हलवत “या… या… या…” म्हणणार आणि मी येणार. त्या दिवशी ती म्हणाली, “या… या… या… गेलं.”

“थांबा म्हणायचं ना,” मी खाली उतरून म्हणालो.

“म्हणत होते. तुम्ही आरशात स्वतःला बघत होतात.”

ए.सी.चं झाकण टेपने चिकटवून आम्ही अ‍ॅरिझोनात शिरलो. ते फडफडत होतं. त्यामुळे युमाच्या आर.व्ही. पार्कमध्ये आमचं आगमन सगळ्यांनी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

युमा, खुर्च्यांचं गाव

लांबवर तपकिरी, गवताचं पातं नसलेले डोंगर, आणि अलीकडे कालव्याच्या पाण्यावर मैलोन् मैल लेट्यूसची शेतं. खजुराच्या बागा. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. हवा इतकी कोरडी की शैलाने अंगणात घातलेले पापड संध्याकाळपर्यंत वाजायला लागले. फक्त धुळीने माझं नाक पहिल्याच दिवशी जे चोंदलं ते अधूनमधूनच उघडायचं.

पार्क म्हणजे आखलेल्या रांगा. प्रत्येकाला एक जागा, पाणी, वीज आणि गटाराचं भोक. एका बाजूला मोघेंचा ट्रेलर, दुसऱ्या बाजूला बेटीचा. बेटी मिनेसोटाची. वय ऐंशीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पूर्वी शाळेची बस चालवायची. तिचा ट्रेलर बारा महिने तिथेच उभा असतो. हिवाळा ती इथे काढते आणि उन्हाळ्यात मुलाकडे जाते. मला गाडी लावताना पाहून ती काठी टेकत आली आणि शैलाच्या जागी उभी राहून बसमधल्या मुलांना द्यायची तशा आवाजात सूचना देऊ लागली. गाडी पहिल्यांदाच सरळ लागली. शैलाने तिच्याकडे जे पाहिलं त्यात आदर होता. माझ्याकडे तसं पाहिल्याचं मला आठवत नाही.

पिस्कॅटवेत आमचे शेजारी भले आहेत, पण फोन केल्याशिवाय कोणी कुणाच्या दारात जात नाही. इथे नियम वेगळा. दाराबाहेर खुर्ची टाकली की समजायचं, या. खुर्ची आत घेतली की समजायचं, नका येऊ. चार वाजले की सगळ्या खुर्च्या बाहेर येत आणि माणसं खुर्च्या बदलत हिंडत. वय कोणी विचारत नाही, दुखणी मात्र सगळे सांगतात. आणखी एक रीत मंगलाने शिकवली. “वहिनी, नोव्हेंबरात आल्यावर अमुक कुठेय असं विचारायचं नाही हं. जागा रिकामी दिसली की समजून घ्यायचं.”

घरातल्या कामांची वाटणी झाली. शैलाकडे स्वयंपाक आणि माझ्याकडे टाकी. टाकी म्हणजे काय ते सभ्य भाषेत सांगायचं तर, आपण आत जे करतो ते खाली साठतं आणि दर काही दिवसांनी जाड नळी लावून ते गटारात सोडावं लागतं. हातमोजे घालून मी ते काम केलं. आत यायला निघालो तर शैला दारात. “आंघोळ केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.” आंघोळ केली. आंघोळीच्या पाण्याची दुसरी टाकी भरली. ती सोडायला बाहेर गेलो. परत आलो तर शैला दारात. पंप आणि पाइपांत आयुष्य घालवूनही या चक्रातून सुटायचा मार्ग मला सापडेना. शेवटी मोघे म्हणाला, “गाढवा, बाहेरच्या नळावर अंघोळ कर ना,” आणि मी शेजाऱ्यांसमोर पंचा नेसून ती केली. बेटीने टाळ्या वाजवल्या.

फोडणी

शैला इतकी हसली की मला वाटलं, पेपर सोपा आहे. तेवढ्यात पहिल्या आठवड्यातच तो प्रकार झाला.

मोघे मंडळींना जेवायला बोलावलं होतं. शैलाने आमटीसाठी फोडणी केली. नागपूरहून आणलेला, दगडासारखा खडा हिंग तिने कुटून डबीत भरलेला होता. चिमूटभर तेलात पडला. गाडी लहान, हिंग सणसणीत. जमिनीलगतचा अलार्म किंचाळायला लागला. मी टॉवेलने वारा घालायला लागलो, त्यामुळे वास खिडकीतून बाहेर पसरला.

आता प्रोपेनला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक उग्र वास घालतात. तो गंधकाचा, हिंगाच्या जवळचा. बाहेरच्या लोकांनी अलार्म ऐकला, वास घेतला आणि जे करायचं ते केलं. बेटीने काठीने आमचं दार बडवलं. “आउट! सगळे बाहेर या! गॅस!” आसपासच्या ट्रेलरमधून माणसं निघाली. एकजण अर्धी दाढी केलेला, एक बाई डोक्याला रोलर लावलेली, एकाच्या एका हातात कुत्रं आणि दुसऱ्या हातात दातांची कवळी. सगळे रस्त्यावर. मध्ये शैला, हातात आमटीची पळी.

पार्कचा मॅनेजर वास मोजायचं यंत्र घेऊन आला. टाकीपाशी काही नाही, शेगडीपाशी काही नाही. मग तो स्वतःच्याच नाकाने हुंगत हुंगत मसाल्याच्या डब्यापाशी आला. डबी उघडून त्याने नाक लावलं आणि भिंतीला पाठ टेकली.

“यू ईट दिस?”

“अ लिटल,” शैला म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी परफ्यूम इंडस्ट्रीतला माणूस म्हणून मी पुढे झालो आणि रस्त्यावरच्या मंडळींना हिंग हा झाडाचा चीक असून इंग्रजीत त्याला सैतानाच्या विष्ठेवरून एक नाव आहे, अशी माहिती दिली. लोक माना हलवत घरी गेले. शैलाने आमटीची पळी माझ्या हातात दिली आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी बेटी वाफाळतं भांडं घेऊन आली. बटाटे, मश्रूम, वर चीज. मांसाविना केलं होतं, हे तिने दोनदा सांगितलं. “मी घाबरवलं तुला. सॉरी,” ती शैलाला म्हणाली. शैलाने हसून भांडं घेतलं. पण हिंगाची डबी तिने तीन पिशव्यांत बांधली, वर बरणीत घातली आणि गाडीच्या बाहेरच्या कप्प्यात, टाकीच्या नळीशेजारी ठेवून दिली.

“अगं, थोडा घाल. खिडक्या बंद करू,” मी म्हणालो.

“नको. लोक रस्त्यावर येतात.” ती पोळी लाटत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमच्या आईच्या हाताखाली घातला, या देशात आल्यावर त्या एका खोलीत घातला, घरमालकीण नाक मुरडायची तरी घातला. जिथे राहिले तिथे घातला. जिथे घालता येत नाही तिथे आपण पाहुणे. पाहुण्यासारखं राहू मार्चपर्यंत.”

मला अल्फारेटातली चाकं दिसायला लागली.

त्यानंतर बिनहिंगाचं वरण, बिनहिंगाची उसळ. तक्रार करायची सोय नव्हती. मी जेवताना “वा” म्हणत असे आणि ती “खोटं बोलू नका” म्हणत असे.

तसे दिवस वाईट गेले नाहीत. शैला आणि मंगलाने बेटीला मेंढीकोट शिकवला. बेटी शैलाची भिडू. ती खुणा करण्यात इतकी तरबेज निघाली की मोघे आणि मी सलग हरलो. खेळता खेळता एकदा बेटी म्हणाली, की हा तिचा शेवटचा हिवाळा. मुलगा म्हणतो ट्रेलर विकून टाक, एकटी राहू नकोस. त्याचं बरोबरच असेल. एवढं सांगून तिने हुकमाची दुर्री टाकली आणि डाव घेतला. शैलाने पत्ते पिसले आणि त्या दिवशी रात्रीच्या पोळ्या तिने दोन जास्त केल्या आणि मला त्या पोचवायला सांगितल्या.

जानेवारीतली एक दुपार

दुपारचं जेवण झालं होतं. शैला मंगलाकडे गेली होती. मी दाराबाहेर खुर्चीत पाय पसरून पडलो होतो. वारा फिरला आणि माझं चोंदलेलं नाक अचानक उघडलं.

हिंग.

मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. शैलाने हट्ट सोडला, मंगलाकडे जाऊन आमटी टाकली, संध्याकाळी मला पानात मिळणार आणि पाठोपाठ मार्चचा निकालही माझ्या बाजूने लागणार, असं सगळं मी त्या एका श्वासात जमवून टाकलं. वाटलं, उठून बघावं. मग वाटलं, नको. बायकांना आपलं गुपित राखू द्यावं. मी खुर्ची वासाच्या दिशेला थोडी वळवून घेतली आणि दीर्घ श्वास घेत पडून राहिलो.

शैला आणि मंगला रस्त्याने येताना दिसल्या, मागे मोघे. मी हात उंचावून म्हणालो, “अहाहा! किती दिवसांनी!”

“काय किती दिवसांनी?”

“आता लपवू नकोस. फोडणीचा वास सगळ्या पार्कात आलाय.”

शैला थांबली. तिने नाक वर केलं. “मी काही केलेलं नाही. मंगलाकडे तर आज सँडविच होतं.” मग पुन्हा हुंगलं. “अहो, फोडणी आहे तर मोहरी कुठेय? जिरं? तेलाचा वास कुठेय? नुसता हिंग कोण घालतं?”

आणि ती पळाली. सत्तरीला आलेली माझी बायको, गुडघ्याचा पट्टा बांधलेली, बेटीच्या ट्रेलरकडे पळाली. तिने दार उघडून आत तोंड घातलं, “दिवा लावू नको, कशाला हात लावू नको,” असं मराठीतच ओरडत बेटीला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर आणलं. मंगलाने खिडक्या उघडल्या. मी सिलिंडरकडे धावलो. व्हॉल्व्ह हा माझा प्रांत. जोर लावून फिरवला. हलेना. “जॅम झालाय!” मी ओरडलो. मोघेने मला खांद्याने बाजूला सारलं आणि तो दुसऱ्या बाजूला फिरवून बंद केला. सगळी नोकरी व्हॉल्व्हमध्ये काढून मी तो उघडत होतो.

झालं होतं एवढंच. बेटीला सर्दी झाली होती. तिने चहाची किटली ठेवली, जरा पडावं म्हणून आडवी झाली आणि तिला झोप लागली. पाणी उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस चालू राहिला. अलार्म होता, पण तो जुना होऊन टीक-टीक करायचा म्हणून तिनेच महिन्यापूर्वी वायर काढून टाकली होती. एक ठिणगी पुरली असती.

तिला आमच्या खुर्चीत बसवलं, अंगावर शैलाची गोधडी घातली.  बसभर मुलांना गप्प करणारी ही बाई हळू आवाजात शैलाला म्हणाली, “माझ्या मुलाला सांगू नकोस. तो उद्याच येऊन मला घेऊन जाईल.”

शैलाने तिचा हात हातात घेतला. “नाही सांगणार. पण आज नवा अलार्म बसणार. आणि गॅसवर किटली ठेवायची नाही, प्रॉमिस?” बेटीने मान हलवली. मोघे तसाच गाडी काढून गेला आणि अलार्म आणि विजेची किटली घेऊन आला.

मी तिथेच उभा होतो. मला एकदम लख्ख कळलं, की मी तो वास घेत पडलो होतो. खुर्ची वळवून, मजेत. शैला थोडी उशिरा आली असती तर काय, हा विचार मी पुरा करू शकलो नाही. मी पायरीवर बसलो. शैलाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी टोमण्याची वाट बघत होतो, तर ती फक्त म्हणाली, “पाणी प्या.”

मग ती उठली. गाडीच्या बाहेरचा कप्पा उघडून बरणी काढली, तिन्ही पिशव्या सोडल्या आणि डबी घेऊन आत गेली. दारात थांबली, मागे वळली, पुन्हा आत गेली आणि देवाची घंटा घेऊन बाहेर आली. रस्त्याच्या मध्यभागी उभी राहून तिने ती खणखण वाजवली. खुर्च्यांतून माना वर झाल्या.

“आय अ‍ॅम कुकिंग,” शैला खणखणीत आवाजात म्हणाली. “दिस स्मेल इज फूड. विदाउट बेल, इट इज गॅस. ओके?”

“ओके,” अर्धी दाढीवाला म्हणाला.

त्या दिवसापासून पार्कात ती रीत पडली. घंटा वाजली की वास जेवणाचा, न वाजता आला की पळा. पुढे पुढे घंटा झाली की दोघं-तिघं वाटी घेऊनच यायचे. मॅनेजरही एकदा आला. आमटी प्यायला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आणखी मागितली. देवाच्या घंटेचा असा वापर शास्त्रात बसतो का, असं मी शैलाला विचारलं. अन्नपूर्णेचीच घंटा आहे, ती म्हणाली.

निकाल

मार्च आला. शैलाने निकालाचं नावही काढलं नाही. मी भाषण तयार ठेवलं होतं: हवा, गुडघ्यांना ऊन, मित्रांची सोबत. ते पाठ करत मी ए.सी.चं झाकण टेपने पुन्हा चिकटवलं. अनुजाचा फोन आला. “आई, सो व्हॉट डिड यू डिसाइड? कार्पेट आलंय, बेज घेतला.” शैला म्हणाली, “छान दिसेल बेज. आल्यावर बोलू.” मी बाहेर जाऊन टाकी सोडून आलो. ती कालच सोडली होती.

निघायच्या सकाळी देव मायक्रोवेव्हमध्ये बसले, चिठ्ठी लागली. मी मसाल्याचा डबा नीट बंद आहे का ते पाहिलं. हिंगाची डबी नव्हती. बाहेरच्या कप्प्यात पाहिलं. तिथेही नव्हती.

“शैला, हिंग राहिला कुठे तरी.”

“राहिला नाही. बेटीकडे ठेवला.”

“तिला कशाला? ती काय वरण करणारे?”

“सांभाळायला दिलाय. म्हटलं, नोव्हेंबरात मी घ्यायला येईन, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही.”

मला समजायला वेळ लागला. “पण तिचा मुलगा तर ट्रेलर विकणार आहे ना?”

“म्हणून तर,” शैला म्हणाली आणि मागे जाऊन उभी राहिली. “चला. या… या… या…”

बेटी तिच्या खिडकीत उभी होती. एका हाताने डबी छातीशी धरलेली, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल. तिने डबीच हलवून आम्हाला निरोप दिला. माझं भाषण तसंच राहिलं.

परतीच्या वाटेवर न्यू मेक्सिकोत शैलाने वरण केलं, अर्थात बिनहिंगाचं. मी दोनदा वाढून घेतलं. अल्फारेटाला थांबलो तेव्हा तिने अनुजाला जवळ बसवून सांगितलं, की बेसमेंट फार सुंदर झालंय, आम्ही दर दिवाळीनंतर जाता जाता तिथे राहू. अनुजा जरा हिरमुसली, मग हसली. नातवाने कार्पेटवर आधीच पिंगपाँगचं टेबल मांडलं होतं.

हे लिहीपर्यंत पिस्कॅटवेत उन्हाळा लागला आहे. मागच्या रविवारी मिनेसोटाहून बेटीचा फोन आला. मुलाने ट्रेलरला गिऱ्हाईक आणलं होतं. तिने सांगितलं, विकता येणार नाही, आत दुसऱ्याची वस्तू आहे आणि ती घ्यायला माणूस यायचाय. “किती दिवसांनी कुणी मला काही सांभाळायला दिलं,” असं म्हणाली. शैला फोन ठेवून वाणसामानाची यादी करायला बसली. 

संध्याकाळी आम्ही वाणसामान आणायला गेलो. शेल्फवर हिंगाच्या दोन डब्या होत्या, मोठी आणि लहान. मोठीत जास्त फायदा आहे, हे मी तिला गणिताने पटवून देत होतो. तिने लहान उचलली आणि टोपलीत टाकली.

“नोव्हेंबरपर्यंत पुरे,” ती म्हणाली.